बुकवर्ममध्ये भलत्या रेपोची पॅकेजं घुसली तर: डेबियन पुन्हा ताळ्यावर आणण्याची पद्धत

डेबियन १२ वर, म्हणजे बुकवर्मवर, एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी म्हणून उबंटूचा पीपीए (उबंटूसाठी कोणीतरी चालवलेला वेगळा रेपो, म्हणजे पॅकेजांचा ऑनलाइन साठा) जोडला किंवा पॅकेजं बसवणाऱ्या अ‍ॅप्टला ती कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेस.लिस्टमध्ये ट्रिक्सीची, म्हणजे डेबियन १३ ची, एक ओळ घातली, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघाड पुढच्या अपग्रेडला दिसतो. ‘अनमेट डिपेन्डन्सीज’, ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असे संदेश येऊ लागतात आणि एक छोटं पॅकेज टाकायला गेलं की अ‍ॅप्ट अख्खा डेस्कटॉप काढून टाकण्याची परवानगी मागतो. असं मशीन बहुतेक वेळा पुन्हा इन्स्टॉल न करता दुरुस्त होतं. त्यासाठी एकेक एरर मिटवत बसण्याआधी हे मशीन नक्की कोणत्या एका रिलीजचं करायचं आहे, ते ठरवावं लागतं. हे ठरवताना आपल्या आवडीपेक्षा लिबसी६ या पॅकेजची (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर चालतो त्या सी लायब्ररीची) आवृत्ती जास्त महत्त्वाची असते.

खालच्या कमांड आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाकायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी.

आधी हात आवरा

चालू असलेलं मशीन रीबूट करू नका. मेमरीत असलेले प्रोग्रॅम अजून चालत आहेत. रीबूटनंतर ते उठतीलच असं नाही. रूटचं एक जास्तीचं टर्मिनल उघडून ठेवा. ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका, कारण अवलंबनांची (कोणत्या पॅकेजाला दुसरं कोणतं लागतं त्याची) साखळी तुटलेली असताना अ‍ॅप्टला कामाची पॅकेजंही बिनकामाची वाटतात. ‘--फोर्स-ऑल’ हा पर्याय तर विसरूनच जा. ‘अ‍ॅप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’ ही कमांड निरुपद्रवी म्हणून सर्रास सुचवली जाते, पण चुकीचे सोर्स चालू असताना ती मशीनला त्याच चुकीच्या दिशेने आणखी ढकलते. तिची वेळ पुढे येईल.

मग प्रत काढा:

टार सीझेडएफ /रूट/आधीचं.टीजीझेड /ईटीसी /व्हार/लिब/डीपीकेजी /व्हार/लिब/अ‍ॅप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स

अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल > /रूट/मॅन्युअल-यादी

कोणतं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कोणतं नुसतं अवलंबन म्हणून आलं, याची नोंद एक्स्टेंडेड_स्टेट्स या फाइलीत असते. ती गेली की नंतरची साफसफाई अंदाजाने करावी लागते. मशीनवर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस असेल तर डेटाबेसचा डंप आत्ताच काढा. बुकवर्ममध्ये मारियाडीबी १०.११ आहे, ट्रिक्सीत ११.८. नव्या आवृत्तीने एकदा डेटा फाइली बदलल्या की जुनी आवृत्ती त्या वाचेल याची खात्री देता येत नाही. पॅकेज मागे नेता येतं, डेटा तसा मागे येत नाही.

काय मिसळलं आहे ते शोधा

तीन कमांड पुरतात. त्यांतला डीपीकेजी म्हणजे अ‍ॅप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम. ‘डीपीकेजी --ऑडिट’ अर्धवट राहिलेली पॅकेजं दाखवते. ‘अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी’ कोणकोणते सोर्स चालू आहेत आणि प्रत्येकाचं प्राधान्य किती, ते दाखवते. तिसरी कमांड सगळ्यात उपयोगाची:

एलसी_ऑल=सी अ‍ॅप्ट लिस्ट '?नॅरो(?इन्स्टॉल्ड, ?नॉट(?ओरिजिन(डेबियन)))'

जी आवृत्ती बसवलेली आहे, ती डेबियनच्या कोणत्याही चालू सोर्समध्ये नाही अशा सगळ्या पॅकेजांची ही यादी. सुरुवातीचं ‘एलसी_ऑल=सी’ मोठ्या अक्षरांत लिहायचं. अ‍ॅप्टचे संदेश मराठीतही भाषांतरित झालेले आहेत, त्यामुळे लोकेल मराठी असेल तर संदेश मराठीत येतात आणि ग्रेपने इंग्रजी शब्द शोधल्यावर काहीच सापडत नाही. ‘डेबियन’ या शब्दातलं पहिलं अक्षरही मोठं.

उबंटूची पॅकेजं ओळखणं सोपं आहे. त्यांच्या आवृत्तीत बहुधा ‘उबंटू’ हा शब्दच असतो, म्हणून ‘डीपीकेजी -एल | ग्रेप उबंटू’ पुरतं. ती आपोआप परत का जात नाहीत याचं कारणही त्याच शब्दात आहे. डीपीकेजीच्या हिशोबात ‘१.२-३उबंटू१’ ही आवृत्ती ‘१.२-३’ पेक्षा मोठी ठरते. त्यामुळे पीपीए बंद केला तरी अ‍ॅप्ट ते पॅकेज जागेवरच ठेवतो. त्याच्या लेखी ते नवं आहे.

हे कधी घडलं ते /व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/हिस्टरी.लॉग सांगते. तिथे प्रत्येक व्यवहाराची वेळ, दिलेली कमांड आणि ‘इन्स्टॉल’, ‘अपग्रेड’, ‘रिमूव्ह’ अशा याद्या असतात. जुन्या नोंदी जीझेड फाइलींत असतात, त्या झेडकॅटने वाचा. ‘रिमूव्ह’ची यादी कागदावर उतरवून ठेवा, शेवटी तीच पॅकेजं परत आणायची आहेत.

एक कारण सहज नजरेतून सुटतं. सोर्सेस.लिस्टमध्ये ‘बुकवर्म’ऐवजी ‘स्टेबल’ लिहिलेलं असेल, तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी प्रसिद्ध झाल्यावर त्या शब्दाचा अर्थच बदलला. रिलीजची माहिती बदलल्याचं अ‍ॅप्ट विचारतो, तिथे वाय दाबला गेला की पुढचं प्रत्येक इन्स्टॉल ट्रिक्सीतून होतं. म्हणून सोर्समध्ये नेहमी सांकेतिक नावच लिहावं.

दिशा ठरवा

आता ‘अ‍ॅप्ट पॉलिसी लिबसी६’ चालवा आणि बसवलेली आवृत्ती पाहा. लक्षात ठेवायचे आकडे चारच: बुकवर्म २.३६, ट्रिक्सी २.४१, उबंटू २२.०४ म्हणजे जॅमी २.३५, उबंटू २४.०४ म्हणजे नोबल २.३९.

लिबसीला इतकं महत्त्व का? बॅश, टार, पर्ल, खुद्द डीपीकेजी, जवळपास प्रत्येक बायनरी तिच्यावर चालते. जुन्या लिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या लिबसीवर चालतो, पण उलटं होत नाही. नव्यावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या लिबसीवर ‘जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड’ म्हणत थांबतो. ट्रिक्सीतला टार तसाच राहिला आणि लिबसी आधी मागे गेली, तर पुढचं पॅकेज उघडायला टारच उरत नाही. शिवाय अपग्रेडचे स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेले असतात. मागे येणं डेबियन अधिकृतपणे सांभाळत नाही.

म्हणून निर्णय असा. लिबसी अजून २.३६ वरच असेल तर निर्धास्त मागे या, बुकवर्म शाबूत आहे. जॅमीच्या पीपीएने केलेला घोळ बहुधा याच प्रकारातला असतो, कारण जॅमीची लिबसी बुकवर्मपेक्षा जुनी आहे आणि तिला हात लागलेलाच नसतो. लिबसी २.४१ झाली असेल तर मागे येण्याचा हट्ट सोडा आणि पूर्ण ट्रिक्सीवर जा. नोबलची २.३९ बसली असेल तरीही मार्ग पुढचाच: २.३९ वरून २.३६ वर उतरणं धोक्याचं, पण २.४१ वर चढणं म्हणजे साधं अपग्रेड. ही तिसरी स्थिती बहुतेक एकाच मार्गाने येते. नोबलच्या पीपीएतलं पॅकेज ‘लिबसी६ २.३८ किंवा पुढची हवी’ म्हणून अडतं, आणि ते अवलंबन भागवायला कोणीतरी नोबलचा मुख्य रेपोच जोडतं.

लिबसी सिडमधून (डेबियनच्या अस्थिर शाखेतून) आलेली आणि २.४१ च्याही पुढची असेल तर तिला ओलांडून जाईल असं स्थिर रिलीज सध्या नाही. तिथे एक तर पूर्ण सिडवर राहावं, नाहीतर /होम वाचवून नव्याने इन्स्टॉल करावं. सिडवर राहायचं नसेल तर या एका स्थितीत पुन्हा इन्स्टॉल करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सोर्स स्वच्छ करा

दोन्ही दिशांना ही पायरी सारखीच. /ईटीसी/अ‍ॅप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या परक्या ‘.लिस्ट’ फाइलींच्या नावाला शेवटी ‘.डिसेबल्ड’ जोडा, ‘.सोर्सेस’ प्रकारच्या फाइलींमध्ये ‘एनेबल्ड: नो’ अशी ओळ घाला. बॅकपोर्ट्सही (नव्या रिलीजमधली पॅकेजं जुन्या रिलीजसाठी बांधून देणारा सोर्स) तात्पुरते बंद करा, म्हणजे सोर्स एकाच रिलीजचे राहतील. मुख्य फाइलीत फक्त तीन ओळी ठेवा:

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन बुकवर्म मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन बुकवर्म-अपडेट्स मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

डेब एचटीटीपी://सिक्युरिटी.डेबियन.ऑर्ग/डेबियन-सिक्युरिटी बुकवर्म-सिक्युरिटी मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग बुकवर्मपासून वेगळा झाला आहे. तो लिहायचा राहून गेला तर वायफायच्या फर्मवेअरचं पॅकेज अनाथ दिसेल. कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे विभाग वापरात असतील तर तेही जोडा. पुढच्या दिशेने जाणार असाल तर तिन्ही ओळींत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी. मग /व्हार/लिब/अ‍ॅप्ट/लिस्ट्स मधल्या फाइली काढून ‘अ‍ॅप्ट-गेट अपडेट’ चालवा.

/ईटीसी/अ‍ॅप्ट/प्रेफरन्सेस आणि प्रेफरन्सेस.डी मध्ये जुने पिन (कोणत्या सोर्सला किती प्राधान्य ते ठरवणारे नियम) पडून आहेत का, तेही पाहा. ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ने अडकवून ठेवलेली पॅकेजं तपासा. एखादं विसरलेलं होल्ड सगळी गणितं चुकवतं.

मागे येताना

परकी पॅकेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील तर ती नावानिशी मागे आणा, सगळी एकाच कमांडमध्ये:

अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल एफएफएमपेग/बुकवर्म लिबएव्हीकोडेक५९/बुकवर्म लिबएव्हीयुटिल५७/बुकवर्म

तिरक्या रेघेपुढचं नाव म्हणजे ‘या रिलीजमधली आवृत्ती दे’. एकेक पॅकेज वेगळं देऊ नका. ही पॅकेजं अनेकदा एकमेकांची नेमकी आवृत्ती मागतात, त्यामुळे एक मागे येताना दुसरं त्याला धरून ठेवतं. स्टीम किंवा वाइनमुळे मशीनवर ३२ बिटांची पॅकेजंही असतील, तर प्रत्येक लायब्ररीची ‘:आय३८६’ जोडीदारही त्याच कमांडमध्ये हवी. दोन्ही आर्किटेक्चरांसाठी एकत्र बसणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती दोन्हीकडे तंतोतंत सारखी असावी लागते. ‘काही केल्या डाउनग्रेड होत नाही’ या तक्रारीमागे हे कारण वारंवार निघतं.

यादी लांब असेल तर पिन वापरा. /ईटीसी/अ‍ॅप्ट/प्रेफरन्सेस.डी/मागे.प्रेफ अशी फाइल करा आणि तिच्यात या तीन ओळी लिहा:

पॅकेज: *

पिन: रिलीज ओ=डेबियन

पिन-प्रायॉरिटी: १००१

इथेही डेबियनचं पहिलं अक्षर मोठं. अ‍ॅप्टमध्ये साध्या सोर्सचं प्राधान्य ५०० असतं, आणि बसवलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी आवृत्ती घ्यायला ते १००० किंवा त्याहून जास्त लागतं. ‘एन=बुकवर्म’ असा पिन बऱ्याच ठिकाणी दिलेला दिसतो. तो घातक आहे: त्याने मूळ बुकवर्म १००१ वर जातं, पण बुकवर्म-सिक्युरिटी ५०० वरच राहतं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेली पॅकेजंही मूळ आवृत्तीवर ओढली जातात. ‘ओ=डेबियन’ तिन्ही सोर्सना सारखंच लागू होतं, आणि प्राधान्य सारखं असलं की त्यांच्यातली सर्वांत नवी आवृत्ती निवडली जाते. बॅकपोर्ट्सचं मूळ नाव मात्र ‘डेबियन बॅकपोर्ट्स’ असं वेगळं असतं, त्यामुळे हा पिन त्यांना लागू होत नाही.

आता प्रत्यक्ष काही न बदलता रंगीत तालीम:

अ‍ॅप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड

यात ‘डाउनग्रेडेड’ आणि ‘रिमूव्ह्ड’ अशा दोन याद्या येतील. पहिली लांब असणारच, घाबरू नका. दुसरी मात्र शब्दन्‌शब्द वाचा. तिच्यात एखादी परकी लायब्ररी असेल तर ठीक. डेस्कटॉपचं मेटापॅकेज (इतर पॅकेजं ओढून आणणारं नावापुरतं पॅकेज), नेटवर्क-मॅनेजर, ग्रब किंवा लिनक्स-इमेज दिसलं तर थांबा.

ट्रिक्सी किंवा नोबलमधून आलेल्या लायब्ररींची नावं अनेकदा ‘टी६४’ने संपतात. ३२ बिटांच्या मशीनांवरचा वेळेचा प्रकार ६४ बिटांचा करताना ही नावं बदलली गेली. बुकवर्ममध्ये या नावांची पॅकेजं नाहीतच, त्यामुळे अ‍ॅप्टला त्यांची जुनी आवृत्ती सापडत नाही आणि तो भलतीच पॅकेजं काढायला निघतो. त्याला बदल स्पष्ट सांगा:

अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल लिबएसएसएल३/बुकवर्म लिबएसएसएल३टी६४-

शेवटचं वजा चिन्ह म्हणजे ‘हे काढ’. ‘रिमूव्ह्ड’ यादीत उरलेल्या प्रत्येक टी६४ लायब्ररीसाठी अशी जोडी त्याच कमांडमध्ये वाढवत जा आणि दर वेळी -एस लावून तालीम करा. यादी आटोक्यात आली की -एस काढा, आणि मग पिनसह ‘अ‍ॅप्ट-गेट डिस्ट-अपग्रेड’. ‘-वाय’ लावू नका. डाउनग्रेडच्या वेळी तो पर्याय तसाही ‘--अलाऊ-डाउनग्रेड्स’शिवाय अडतो, आणि इथे प्रश्न वाचून उत्तर देणंच बरं.

पुढे जाताना

ट्रिक्सीकडे जाताना वरचा पिन अजिबात नको. आधी /बूट वर साधारण ३०० एमबी मोकळी जागा आहे का पाहा. इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणारी फाइल) लिहिताना जागा संपली तर अपग्रेड अधांतरी अडकतं. मग क्रमाने:

अ‍ॅप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पॅकेजेस

अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड

पहिल्या कमांडमधला पर्याय रोमनमध्ये ‘पीकेजीएस’ असा संक्षिप्त आहे. ती कमांड काहीही न काढता जेवढं पुढे नेता येईल तेवढं नेते, त्यामुळे दुसरीच्या वेळची उलथापालथ कमी होते. अर्धवट मिसळलेल्या मशीनवर पहिली कमांड अडली, तर ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवण्याची ही योग्य वेळ, कारण आता सोर्स एकाच रिलीजचे आहेत. उबंटूच्या एखाद्या पॅकेजाची आवृत्ती ट्रिक्सीपेक्षाही वरची निघाली, तर तेवढंच नाव ‘/ट्रिक्सी’ लावून मागे आणा.

मध्येच अडकलं तर

‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ म्हणून थांबलं, तर एकच फाइल दोन पॅकेजांत आहे. संदेशात दुसऱ्या पॅकेजाचं नाव असतं. ते पॅकेज याच व्यवहारात जाणार किंवा बदलणार असेल, तरच /व्हार/कॅश/अ‍ॅप्ट/आर्काइव्ह्ज मधल्या त्या एका डेब फाइलीसाठी ‘डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट’ वापरा. नंतर लगेच ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि ‘अ‍ॅप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’.

प्रीआरएम (पॅकेज काढण्याआधी चालणारा) किंवा पोस्टइन्स्ट (बसवल्यानंतर चालणारा) स्क्रिप्ट नापास झाला तर तो वाचा, /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये पॅकेजाच्या नावाने असतो. पुष्कळदा तो साधी शेल स्क्रिप्ट असतो, आणि थांबलेली सर्व्हिस किंवा हरवलेली फोल्डर एवढंच कारण निघतं. बाहेरचं कारण दूर करा, स्क्रिप्ट खोडू नका.

एखादी लायब्ररी दोन्ही बाजूंनी अडवत असेल तर ‘डीपीकेजी --रिमूव्ह --फोर्स-डिपेंड्स’ने तेवढी एक काढून लगेच -एफ इन्स्टॉल करता येतं. लिबसी६, डीपीकेजी, टार, कोरयुटिल्स, पर्ल-बेस, बॅश यांच्यावर हे कधीही करू नका.

अ‍ॅप्टच उठत नसेल, पण डीपीकेजी चालत असेल, तर दुसऱ्या बुकवर्म मशीनवर ‘अ‍ॅप्ट-गेट डाउनलोड अ‍ॅप्ट लिबअ‍ॅप्ट-पीकेजी६.०’ करून त्या दोन्ही फाइली पेनड्राइव्हने आणा आणि ‘डीपीकेजी -आय’ने एकत्र बसवा. डीपीकेजीही गेला असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करून मूळ विभाजन /एमएनटी वर माउंट करा. /डेव्ह, /प्रॉक, /सिस बाइंड करा आणि सीएचरूटने, म्हणजे त्या विभाजनालाच मूळ सिस्टिम मानून, आत जा. लिबसी तुटल्यामुळे सीएचरूटही होत नसेल, तर योग्य लिबसी६ची डेब फाइल लाइव्ह सिस्टिममधल्या एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने उघडा आणि तिच्यातल्या लायब्ररी फाइली /एमएनटी/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये कॉपी करा. ती थेट /एमएनटी वर उघडू नका: आता /लिब ही खरी फोल्डर नसून /यूएसआर/लिब कडे जाणारी लिंक आहे, आणि त्या लिंकेच्या जागी खरी फोल्डर बसली तर दुरुस्ती कैक पटींनी अवघड होते.

पॅकेजांची नोंदवहीच खराब झाली असेल तर /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० आणि त्याआधीच्या प्रती असतात.

रीबूटच्या आधी

‘डीपीकेजी --ऑडिट’ आणि ‘अ‍ॅप्ट-गेट चेक’ दोन्ही गप्प हवेत. ‘?नॅरो’ची यादी पुन्हा चालवा. तिच्यात आता फक्त तुम्ही जाणूनबुजून ठेवलेलंच दिसायला हवं. ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ने फाइलींची पडताळणी करा. तिच्या ओळीत ५ दिसला तर ती फाइल पॅकेजातल्या नोंदीशी जुळत नाही. पुढे ‘सी’ असेल तर ती कॉन्फिगरेशनची फाइल, ती बदललेली असणं साहजिक आहे. ‘सी’ नसेल तर ते पॅकेज ‘अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवा. मग:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

अपडेट-ग्रब

मागे.प्रेफ ही फाइल आता काढून टाका. ती राहिली आणि उद्या बॅकपोर्ट्समधून काही घेतलं, तर पुढच्या अपग्रेडला ते पुन्हा मागे ओढलं जाईल. रीबूटनंतर हिस्टरी.लॉगमधून उतरवलेली ‘रिमूव्ह’ची यादी आणि मॅन्युअल-यादी समोर ठेवून हवी ती पॅकेजं परत आणा. ‘ऑटोरिमूव्ह’ आता चालवायला हरकत नाही, तेही यादी वाचून. फायरफॉक्स मागे आला असेल तर तो जुनी प्रोफाइल उघडायला नकार देऊन नवी मागेल. जुन्या प्रोफाइलचं फोल्डर तसंच जपा आणि बुकमार्क तिच्या बॅकअपमधून घ्या.

ज्या नव्या प्रोग्रॅमसाठी हे सगळं घडलं, तो बुकवर्म-बॅकपोर्ट्समध्ये आहे का ते आधी पाहा. त्या सोर्सचं प्राधान्य मुळातच १०० असतं, त्यामुळे ‘-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स’ असं सांगितल्याशिवाय बुकवर्ममध्ये असलेल्या पॅकेजाची नवी आवृत्ती त्यातून बसत नाही. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसह वेगळा ठेवणारी पद्धत), किंवा डिस्ट्रोबॉक्समध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये, वेगळी ट्रिक्सी. दोन्हींना मशीनच्या लिबसीला हात लावावा लागत नाही. एखाद्या बाहेरच्या कंपनीचा रेपो ठेवावाच लागला, तर प्रेफरन्सेस.डी मध्ये त्याच्यासाठी दोन उतारे लिहा, मध्ये एक रिकामी ओळ सोडून. पहिला ‘पॅकेज: *’, त्या रेपोचा पत्ता असलेली ‘पिन: ओरिजिन’ची ओळ आणि ‘पिन-प्रायॉरिटी: -१’, दुसऱ्यात ताऱ्याच्या जागी हव्या त्या एकाच पॅकेजाचं नाव आणि प्राधान्य ५००.